वक्र पडदा घरी बनतो, पण लगेच विकायला काढू नका

कॉस्टिंगच्या व्हिडिओनंतर एका मुलाचा मेसेज आला. "ताई, होम थिएटरचा वक्र पडदा घरच्या घरी चार-पाच हजारात बनतो. तयार घ्यायला गेलं की कितीतरी पट पैसे. मग मी बनवून वीस हजाराला विकला तर? आमच्याकडे आता लहान गावातले लोक पण प्रोजेक्टर घेतायत." सोबत एक फोटो. कमानीसारखा वळलेला पांढरा पडदा, मागे लाकडी फ्रेम. फोटोत तर एकदम झकास दिसत होता.

त्याला दोन वाक्यांत उत्तर देता आलं असतं. बनतो, हो. विकू नकोस, निदान एवढ्यात तरी. पण "का" हे सांगायचं तर मला माझी एक चूक आणि माझाच एक जुना सल्ला, दोन्ही बाहेर काढावे लागतात. म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

सल्ला असा होता. चॅनल नवीन असताना एका व्हिडिओत मी छातीठोकपणे म्हटलं होतं, "आधी ऑर्डर घ्या, मग शिका. शिकत बसाल तर मार्केट निघून जाईल." अजूनही कुणीतरी ते वाक्य मला ऐकवतं. ते मी आज मागे घेते. दुकानातून विकायच्या तयार मालाला ते चालतं, माल बदलून देता येतो. पण हाताने बनवायची आणि कस्टमरच्या भिंतीवर ठोकायची वस्तू असेल तर अजिबात नाही.

आमचं दुकान सांगलीत. पप्पांनी टेप-रेडिओच्या रिपेअरीवर सुरू केलं. मी बीबीए करून काउंटरला बसले तेव्हा डीटीएच आणि सीसीटीव्ही चालू होतं, आता प्रोजेक्टर आणि साउंड पण करतो. (अजूनही कधीतरी कुणी विचारतं, "सर नाहीत का?" प्रोजेक्टर किती फुटांवर लावला की चित्र किती रुंद पडतं ते मी तोंडी हिशोब करून सांगितलं, की परत विचारत नाहीत.)

दोन वर्षांपूर्वी, आयपीएलच्या तोंडावर, एक डॉक्टर आले. बंगल्याच्या वरच्या मजल्यावर एक खोली रिकामी होती. प्रोजेक्टर त्यांनी आधीच घेतलेला, छताला लावलेला. त्यांना पडदा हवा होता, आठ फूट रुंद आणि वक्र. "मॅडम, टीव्ही कर्व्ह मिळतो, मग पडदा का नाही?" मी एका सेकंदात म्हणाले, "होईल ना सर." बावीस हजाराचं क्वोटेशन दिलं, दहा हजार ॲडव्हान्स घेतला आणि रात्री घरी येऊन इंटरनेटवर बघायला बसले की वक्र पडदा बनवतात कसा.

बनवायला तसं फार अवघड नाही, हे आधी सांगते. बारा मिलिमीटरच्या प्लायच्या दोन कमानी कापायच्या, एक वरची, एक खालची. मधे उभ्या पट्ट्या. समोर कापड. कमान किती वाकडी ठेवायची? मी सोळा फुटांची त्रिज्या धरली. आठ फुटांच्या पडद्याला त्यात मधोमध साधारण सहा इंच खोली येते. म्हणजे दोन्ही टोकांना दोरी ताणून धरली तर दोरीपासून मधला भाग सहा इंच आत. सोळा फुटांची दोरी घेऊन गच्चीवर पेन्सिलीने कमान मारायचा प्रयत्न मी केला, पण दोरी ताणेल तशी लांब होते, रेघ एका जागी राहत नाही. शेवटी आमच्या ओळखीच्या सुतारकाकांनी पाच मिनिटांत केलं. दोन टोकांना दोन खिळे, मधे सहा इंचांवर तिसरा, आणि एक पातळ बीडिंग पट्टी तिन्हीला टेकवून वाकवली. पट्टी आपोआप कमान घेते. एवढ्या उथळ वळणाला तेवढं पुरतं. एका प्लायच्या शीटमधून कमानी एकाखाली एक बसवून काढल्या तर माल वाया जात नाही.

मग कापड. इथे पहिला धक्का. पडद्याचं पांढरं ब्लॅकआउट कापड मला मिळालं ते ५४ इंच पन्ह्याचं. क्रिकेट आणि टीव्हीचं चित्र सोळाला नऊ या मापाचं असतं, म्हणजे आठ फूट रुंदीला उंचीच बरोबर ५४ इंच. वर-खाली दुमडून ठोकायला एक इंचही शिल्लक नाही. जोड दिला तर शिवण चित्रावर दिसणार. म्हणून मी बॅनरवाल्याकडून रुंद पांढरा फ्लेक्स आणला. फ्लेक्सला चमक असते. प्रोजेक्टर लावल्यावर मधे एक उजळ गोळा दिसायला लागला आणि कडा मंद. फ्लेक्स उलटा केला, बारीक पॉलिश पेपर मारून बघितला, थोडं कमी झालं, गेलं नाही.

दुसरा धक्का त्याहून मोठा. सपाट पडद्याला आपण चारही बाजूंनी कापड ताणतो आणि स्टेपल मारतो, तसंच मी केलं. फ्रेम वक्र, कापड मात्र मधेच पुढे आलं. वर आणि खाली सहा इंच खोली, पण उंचीच्या मध्यावर जेमतेम चार. काकांनी लांबून बघितलं आणि म्हणाले, "पोरी, कापड आडवं वढशील तेवढं त्ये सरळ व्हायला बघतंय. आडवं वढूच नगंस. उभंच वढ." झालं, हेच उत्तर होतं. आडवा ताण कापडाला कमानीवरून उचलून सरळ रेषेकडे खेचतो. वक्र पडद्याला ताण फक्त वरून खाली द्यायचा. मधल्या बिंदूपासून सुरू करायचं, एक स्टेपल वर, एक खाली, मग थोडं उजवीकडे, थोडं डावीकडे, असं करत टोकांकडे जायचं. बाजूच्या कडा नुसत्या टेकवायच्या. मी तीन रात्री फुकट घालवल्या होत्या त्या या एका वाक्यासाठी.

तरीही मी खूश होते. पडदा उभा राहिला, सुंदर दिसत होता, काळ्या वेलवेटची बॉर्डर लावली, डॉक्टरांकडे नेऊन बसवला. पहिली मॅच लावली. डॉक्टर सोफ्यावर, त्यांची मुलं खाली गादीवर, काकूंनी आम्हाला चहा दिला. दोन ओव्हर झाल्या आणि डॉक्टर म्हणाले, "मॅडम, ती खालची स्कोअरची पट्टी वाकडी का दिसतेय?"

पट्टी खरंच वाकडी होती. मधे खाली झुकलेली, दोन्ही टोकांना वर गेलेली. हसल्यासारखी.

याचं कारण साधं आहे, मी आधी वहीत काढलं असतं तर दहा मिनिटांत कळलं असतं. प्रोजेक्टर बारा फुटांवर. पडद्याचा मध्य त्याच्यापासून बारा फूट, पण कडा सहा इंच पुढे आलेल्या, म्हणजे साडेअकरा फूट. प्रकाश जितका लांब जातो तितकं चित्र मोठं होतं. कडांना तो कमी लांब जातो, म्हणून तिथे चित्राची उंची कमी. सहा इंच म्हणजे अंतराच्या साधारण चार टक्के. ५४ इंचांवर चार टक्के म्हणजे सव्वादोन-अडीच इंच! आणि प्रोजेक्टर छताला, लेन्स पडद्याच्या वरच्या कडेच्या पातळीत. त्यामुळे वरची रेघ सरळ राहते आणि सगळाच्या सगळा फरक खालच्या कडेला जमा होतो. नेमकी स्कोअरची पट्टी जिथे असते तिथे. मी कीस्टोन फिरवून बघितला. कीस्टोन तिरक्या रेघा जुळवतो, वाकलेल्या नाही. काही प्रोजेक्टरमध्ये वाकलेल्या रेघा सरळ करायची सोय असते, यांच्यात नव्हती. आणि जिथे असते तिथेही चित्राचे काही पिक्सेल त्यात खर्ची पडतात, ते फुकट होत नाही.

मग प्रश्न येतो की वक्र पडदे लोक बनवतात कशाला? मूर्ख आहेत का? नाहीत. कारण वेगळं आहे, आणि ते समजल्याशिवाय कुणी हा पडदा विकायला काढू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

सिनेमाचा पडदा वाकला तो टीव्हीशी लढाईत. १९५२ साली अमेरिकेत सिनेरामा आला. तीन प्रोजेक्टर, आणि प्रेक्षकाला जवळजवळ वेढून टाकणारा, १४६ अंशांचा वक्र पडदा. तो पडदासुद्धा एक अखंड कापड नव्हता, शेकडो उभ्या पट्ट्यांचा होता. कारण इतका वळलेला पांढरा पडदा एका बाजूचा उजेड दुसऱ्या बाजूवर फेकतो आणि चित्र फिकं पडतं. पुढच्या वर्षी, १९५३ मध्ये, 'द रोब' हा सिनेमास्कोपचा पहिला चित्रपट आला. यात एक खास लेन्स रुंद चित्र आडवं दाबून फिल्मवर घेते आणि दाखवताना दुसरी लेन्स ते परत आडवं पसरवते. आपल्याकडे १९५९ चा गुरुदत्तचा 'कागज के फूल' हा पहिला सिनेमास्कोप. आणि तो धंद्यात आपटला, हेही लक्षात ठेवा. पडदा रुंद होता म्हणून तिकिटं जास्त खपली असं झालं नाही.

होम थिएटरचे शौकीन आजही अशी आडवी पसरवणारी लेन्स प्रोजेक्टरपुढे लावतात, म्हणजे २.३५ मापाचा सिनेमा वर-खाली काळे पट्टे न येता सगळे पिक्सेल वापरून दिसतो. त्या लेन्सचा एक दोष असतो, ती चित्राचे चारही कोपरे बाहेर ताणते. वक्र पडदा नेमकं उलटं करतो, कडांना चित्र आखडतो. दोन दोष एकमेकांना खातात आणि रेघ सरळ होते. वक्र पडद्याचं घरातलं खरं काम हे एवढंच. तो औषध आहे, पण एका विशिष्ट दुखण्यावरचं. दुखणं नसलेल्याला दिलं तर नवं दुखणं. (हे मी डॉक्टरांनाच सांगितलं तेव्हा ते हसले. त्यांच्या जागी मी असते तर हसले नसते.) आणि ती लेन्स प्रोजेक्टरहून महाग असू शकते. आमच्या दुकानात आजवर एकाही गिऱ्हाइकाने ती मागितलेली नाही.

"पण ताई, वेढल्यासारखा फील येतो ना?" हिशोब करा. आठ फुटांचा पडदा दहा फुटांवरून बघितला तर तो नजरेचा साधारण ४४ अंशांचा भाग व्यापतो. कुठे १४६ आणि कुठे ४४. सहा इंचांच्या वळणाने कुणी वेढलं जात नाही. ड्रायव्हिंग किंवा विमानाच्या सिम्युलेटरला वक्र पडदा लागतो, कारण तिथे माणूस एकटा, कमानीच्या मधोमध बसलेला असतो. सोफ्यावर पाच जण आणि गादीवर तीन असतील तर मधे कोण बसणार यावरूनच भांडण.

आता पैशाचं. मी वही उघडूनच लिहितेय. प्लाय १,९००, पट्ट्या ७००, फ्लेक्स १,१००, सुताराची मजुरी २,४००, वेलवेट ५००, स्क्रू-स्टेपल-रंग ६००. एकूण ७,२००. आठवडाभर डॉक्टर काही बोलले नाहीत, पण मला झोप लागेना. मी स्वतः गेले आणि म्हणाले, "सर, हा काढून नेते. सपाट लावून देते, जो दर होईल तो द्या." तयार सपाट फ्रेमचा पडदा मला ९,५०० ला पडला. त्याचे त्यांनी १२,००० दिले, म्हणजे ॲडव्हान्सच्या वर फक्त दोन हजार. खर्च १६,७००, आले १२,०००. गेले ४,७००. बीबीएला ऑपॉर्च्युनिटी कॉस्टवर मी चांगले मार्क मिळवले होते, पण माझे स्वतःचे तीस तास मी या हिशोबात धरलेच नव्हते. तासाला दोनशे जरी लावले तरी सहा हजार. म्हणजे १०,७०० चा खड्डा, ज्या कामात मी कागदावर चौदा-पंधरा हजार मार्जिन बघितलं होतं.

आणि समजा पट्टी वाकडी दिसली नसती, सगळं गोड झालं असतं, तरी पावसाळा होताच. आमच्या भागात जुलैमध्ये प्लाय ओल धरतो, ताणलेलं कापड सैल पडतं, लाटा दिसायला लागतात. तयार पडदा विकला तर मागे कंपनी असते. स्वतः बनवलेल्याला मागे कोण? तुम्ही. भर पावसात शिडी घेऊन. त्या फेऱ्या किमतीत धरल्यात का? बहुतेक जण धरत नाहीत. मी धरल्या नव्हत्या.

काही जण म्हणतील, ताई घाबरवते. उलट आहे. माझं म्हणणं आहे की पडदा जरूर बनवा. पण पहिला स्वतःच्या भिंतीवर, स्वतःच्या पैशाने.

मी परत आणलेली फ्रेम फेकली नाही. दुकानावरच्या माडीत तिचा दुसरा पडदा केला. या वेळी माप सिनेमाचं घेतलं, २.३५. आठ फूट रुंदीला उंची ४१ इंचांपेक्षा किंचित कमी. मग बघा किती गोष्टी सुटतात. ५४ पन्ह्याचं ब्लॅकआउट कापड बिनजोड बसतं, वर-खाली सहा-सहा इंच ठोकायला उरतं. मी तर कापडही सोडलं आणि चार मिलिमीटरचा पातळ प्लाय लावला. आठ बाय चारची एक अख्खी शीट, या वळणाला ती हाताने वाकते. फक्त कमानीवरून मोजलं तर लांबी सरळ मापापेक्षा एक इंच जास्त भरते, म्हणून टोकापासून टोकापर्यंतचं माप आठ फुटांऐवजी ९५ इंच ठेवायचं, नाहीतर शीट कमी पडते. मागे चार कमानी, स्क्रू कडेने, म्हणजे बॉर्डरखाली झाकले जातात, मधे फक्त गोंद. वर मॅट पांढरा रंग, रोलरने दोन हात, मधे पॉलिश पेपर. चमक अजिबात नको. प्रोजेक्टर छताला न लावता मागच्या भिंतीवर फळीवर, पडद्याच्या मध्याच्या पातळीत ठेवला. आता फरक वर आणि खाली वाटला जातो, दोन्हीकडे इंचापेक्षा कमी, आणि तीन इंचाच्या काळ्या वेलवेट बॉर्डरमध्ये तो गडप होतो. स्वस्तातल्या लेन्सच्या प्रोजेक्टरला कडा थोड्या भुरकट दिसतात, तेवढं राहतंच.

पण याच पडद्यावर क्रिकेट लावा. उंची तेवढीच, म्हणून मॅचचं चित्र फक्त सहा फूट रुंद येतं, दोन्ही बाजूंना एक-एक फूट पडदा रिकामा. आमच्याकडे प्रोजेक्टर घेणारे बहुतेक जण मॅचसाठी घेतात. त्यांना आठ फुटांचे पैसे घेऊन सहा फुटांची मॅच दाखवायची, हे मला जमत नाही.

माडीवर आता दोन पडदे आहेत, हा वक्र आणि शेजारी एक सपाट. कुणी वक्र मागायला आलं की मी वर नेते, आधी सिनेमा दाखवते, मग मॅच, आणि काही बोलत नाही. बहुतेक जण खाली येताना सपाटची किंमत विचारतात. उरलेल्या पैशात मी त्यांना खिडक्यांचे जाड पडदे आणि समोरच्या भिंतीला गडद रंग सुचवते. चित्रात खरा फरक त्याने पडतो. खोलीत उजेड असेल तर पडदा कोणत्याही आकाराचा असो, काळा रंग करडाच दिसणार. यात माझं मार्जिन कमी आहे, पण शिडी घेऊन परत जावं लागत नाही. एकाने मात्र वक्रच घेतला. जुने इंग्रजी सिनेमे बघणारे रिटायर्ड गृहस्थ, टीव्ही वेगळा, क्रिकेटशी संबंध नाही. त्यांना बनवून दिला, अठरा हजार घेतले, बिलावरच लिहून दिलं की वर्षातून एकदा पावसाळ्यानंतर येऊन बघणार आणि त्या फेरीचे पाचशे लागणार. त्यांनी हसत सही केली.

तर त्या मुलाला, आणि ज्यांच्या डोक्यात हेच चाललंय त्या सगळ्यांना. एक शीट बारा मिलिमीटर, एक शीट चार मिलिमीटर आणि दोन रविवार काढ. फोनमध्ये वेळ लिहीत जा, कितीला बसलास, कितीला उठलास, साहित्य आणायला गेलेला वेळही. पडदा उभा राहिला की सिनेमा लावू नकोस, मॅच लाव. प्रोजेक्टर छताला धर, कारण तुझ्या बहुतेक गिऱ्हाइकांकडे तो छतालाच असणार. खालची पट्टी बघ. घरच्यांना काही न सांगता सोफ्यावर बसव आणि कोण पहिलं विचारतं ते बघ. मग मला परत मेसेज कर, तो पडदा कितीला विकणार आणि कुणाला.